भेकराच्या हाकेमागे

‘शरद’ हा विषय संपादकांनी गेल्या वर्षी ऐन आश्विनातच कळवून ठेवला होता. लेखकांनी एक शरद डोळ्यांनी पाहावा आणि मग लिहायला बसावं, एवढीच त्यांची अट. सोनकीनं पिवळी झालेली पठारं, कोजागिरीचं चांदणं, धुऊन निघालेलं आकाश यांवर दिवाळी अंकांतून भरपूर लिहून झालं आहे. मी दुसरं काही शोधत होते. त्याच सुमारास लंडनला राहणाऱ्या माझ्या भाचीनं फोटो पाठवले. रिचमंड पार्कातली तांबडी हरणं. धुक्यात उभा नर, तोंडातून निघणारी वाफ, शिंगांत अडकलेले नेच्याचे झुपके. खाली तिनं लिहिलं होतं, ‘मावशी, इथं सध्या हरणांचा माज चाललाय. भल्या पहाटे लोक कॅमेरे लावून उभे असतात. तुझ्या लोणावळ्याकडे असं काही दिसतं का गं?’

मावळात हरणं आहेत. भेकर आहे, सांबर आहे, आणि रात्री पालापाचोळ्यातून सशासारखं सरकणारं इवलंसं पिसोरीही आहे. भेकराच्या आणि सांबराच्या माजाचे दिवसही शरद सरता सरता, थंडीची चाहूल लागली की सुरू होतात. पण लोणावळ्याला दर शनिवारी-रविवारी येणाऱ्या हजारो माणसांपैकी किती जणांनी इथलं हरीण पाहिलं असेल? राजमाचीच्या वाटेवर, आंदर मावळातल्या वाड्यांवर, पवनेच्या काठच्या डोंगरांत मी कोजागिरीपासून मार्गशीर्षापर्यंत हिंडले ते भाचीला नीट उत्तर द्यावं म्हणून.

दिवस आखडले की

युरोपातल्या तांबड्या हरणाचा माज दरवर्षी सप्टेंबरअखेरीस सुरू होतो आणि ऑक्टोबरभर चालतो. त्याचं कारण उजेडात आहे. लंडनला जूनमध्ये दिवस साडेसोळा तासांचा असतो, डिसेंबरात तो आठ तासांच्याही खाली येतो. दिवस आखडू लागला की हरणाच्या मेंदूला ती खूण पुरते, नराच्या अंगातली संप्रेरकं उसळतात, मान फुगते आणि एरवी एकत्र चरणारे नर एकमेकांवर धावून जातात. स्कॉटलंडच्या रम बेटावर १९५३ पासून या हरणांचा अभ्यास चालू आहे. तिथं टिम क्लटन-ब्रॉक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिलं, की दोन नर आधी डरकाळ्यांनी एकमेकांची ताकद जोखतात. मिनिटाला जास्त डरकाळ्या देऊ शकणारा नर सहसा अंगानंही दमदार असतो. डरकाळ्यांत हरलेला नर पुष्कळदा शिंगाला शिंग न लावताच माघार घेतो. अगदीच बरोबरीची जोडी असेल तर मग झुंज.

लोणावळ्याला मात्र उन्हाळ्यातला मोठ्यात मोठा दिवस तेरा तासांहून थोडासाच मोठा आणि हिवाळ्यातला लहानात लहान अकरा तासांच्या आसपासचा. एवढ्याशा फरकावर सगळ्या कळपानं एका पंधरवड्यात माजावर यावं असं इथं घडत नाही. इथला खरा कालनिर्णय पावसाच्या हाती आहे. लोणावळ्याच्या माथ्यावर वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस कोसळतो, आणि तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत. पाडस जन्मावं तेव्हा आईला कोवळं गवत मिळावं आणि पाडसाला लपायला दाट झाडोरा मिळावा, हे गणित जमलं पाहिजे. सांबराची मादी सुमारे आठ महिने गाभण राहते, भेकराची सुमारे सात. म्हणजे पावसाळ्यात पिल्लू हवं तर मीलन कार्तिक ते पौष या काळात व्हायला हवं. हा हंगामही सैलसर असतो. भेकराची वीण तर थोडीफार वर्षभर चालते, थंडीत ती जोर धरते इतकंच.

चितळाचं वेळापत्रक आणखी निराळं. विदर्भात, ताडोबा-नागझिऱ्याच्या बाजूला, चितळाचे नर ऐन उन्हाळ्यात केकाटत फिरतात. त्यामुळे ‘हरणांचा हंगाम कधी?’ या प्रश्नाला महाराष्ट्रात एकच उत्तर नाही. कुठलं हरीण, कुठला डोंगर आणि तिथं पाऊस किती, हे आधी विचारावं लागतं.

झाडावर लिहिलेलं

सांबर हे आपल्याकडचं सगळ्यांत मोठं हरीण. भरलेला नर अडीचशे-तीनशे किलोंचा असतो. मावळात ते मोजकंच आहे, आणि जे आहे ते घाटमाथ्याच्या कडेला, जिथून जमीन एकदम कोकणात कोसळते त्या घळींच्या रानात. उत्तरेला भीमाशंकरचं अभयारण्य, दक्षिणेला मुळशीपलीकडे ताम्हिणीचं, खाली रायगड जिल्ह्यात सुधागडचं. यांच्या मधे मावळचे डोंगर पसरलेले आहेत. जनावराला नकाशावरच्या हद्दी ठाऊक नसतात. ते दाट रानाची सोंड धरून चालत राहतं.

आंदर मावळात मला वाट दाखवणारे गृहस्थ सत्तरीच्या घरातले. वाडीत सगळे त्यांना मामा म्हणतात, मीही तेच म्हणू लागले. टाकवे, वडेश्वर मागे टाकून आम्ही ठोकरवाडीच्या जलाशयाच्या कडेनं वर गेलो. या पाण्यावर टाटांचं भिवपुरीचं वीजघर १९२२ पासून चालतं. धरणानं खोऱ्यातली शेती बुडवली, पण जलाशयाच्या वरच्या उतारांवर रान टिकलं. मामांनी मला एका ओहोळाच्या कडेला थांबवलं आणि काठीनं एक खड्डा दाखवला. म्हैस डुंबून गेली असावी असा चिखल. कडेच्या दगडावर चिखलाचा ओघळ, आणि त्यात रुतलेले राठ, काळपट केस.

‘म्हशीचं न्हाई ह्ये, ताई,’ मामा म्हणाले. ‘नराचं लोळान हाय. वास घ्या.’

वाकून वास घेतला. उग्र, मुताचा, कोंदट. माजावर आलेला सांबर नर अशा चिखलात स्वतः मुततो आणि मग त्यातच लोळतो. अंगभर तो वास चोपडून तो माद्यांच्या मागावर निघतो. हा वासच त्याची जाहिरात. मग मामांनी काठी वर केली. लोळणीपासून जरा पुढं ऐनाचं एक झाड होतं. त्याच्या बुंध्याची साल कमरेएवढ्या उंचीवर घासून निघाली होती आणि आतलं ओलं लाकूड उघडं पडलं होतं. त्याच्याही वर, माझा हात जेमतेम पोचेल इतक्या उंचीवर, एक आडवी डहाळी पिरगळलेली होती. पानं चुरगळून लोंबत होती.

सांबराचा नर मागच्या दोन पायांवर उभा राहतो आणि डोक्यावरच्या फांदीला शिंगं आणि डोळ्यांखालच्या ग्रंथी घासतो. एवढं जड जनावर असं उभं राहिलेलं फार थोड्यांनी पाहिलं असेल, पण त्यानं मागे ठेवलेली ही डहाळी कोणालाही वाचता येते. जितकी उंच खूण, तितका थोर नर. दुसरा नर आला की वर बघतो, हुंगतो आणि काय ते समजतो.

या सगळ्याची तयारी पावसाळ्यात झालेली असते. सांबराची शिंगं साधारण उन्हाळ्याच्या तोंडाशी गळतात. पावसाच्या महिन्यांत नवी वाढतात तेव्हा त्यांच्यावर मऊ केसाळ कातडी असते, आत रक्त खेळतं, आणि अशा शिंगांना धक्काही सोसत नाही. तेव्हा नर एकटा, गुपचूप राहतो. पावसाळा सरला की कातडी वाळते. नर ती झाडाझुडपांवर घासून सोलून काढतो आणि आतली तीन-तीन टोकांची, हाडासारखी टणक शिंगं उघडी होतात. तांबड्या हरणाचा नर माद्यांचा घोळका जमवून राखत बसतो. सांबर तसं करत नाही. माद्या दोन-तीनच्या टोळीनं विखुरलेल्या असतात आणि नर एका टोळीकडून दुसरीकडे हिंडत राहतो. जॉर्ज शॅलर यांनी कान्हात साठच्या दशकात हरणांचा अभ्यास केला. ‘द डीअर अँड द टायगर’ हा त्यांचा १९६७ चा ग्रंथ आजही या विषयातला पाया मानतात. पण कान्हाचं मैदान मोकळं, तिथं जनावर समोर दिसतं. आपल्या कारवीच्या रानात दहा पावलांवरचं सांबर दिसत नाही. म्हणून इथं लोळण, साल, डहाळी आणि लेंड्या वाचाव्या लागतात.

गळून पडलेलं शिंग सापडलं तर? मामांनी तरुणपणी अशी शिंगं घराच्या आढ्याला लावलेली पाहिली आहेत. आता कोणी उचलत नाही. १९७२ चा वन्यजीव कायदा गळून पडलेल्या शिंगालाही लागू आहे, ते घरी नेणं गुन्हा ठरतो. शिवाय रानात पडलेलं शिंग वाया जात नाही. साळिंदर आणि उंदीर ते कुरतडतात, त्यातलं कॅल्शियम पुन्हा रानातच फिरतं.

कुत्रं नव्हे, भेकर

मावळात हरणाची खात्रीनं गाठ पडते ती कानांची. दिवस कलला की घळीतून एकदम आवाज येतो, ‘भॉक!’ थोडं थांबून पुन्हा. मुंबई-पुण्याहून आलेल्या पोरांना वाटतं वाडीतलं कुत्रं भुंकतंय. कुत्रं भुंकायला लागलं की ठेका धरतं, आवाज चढवतं-उतरवतं. भेकराचं तसं नाही. एक एक हाक सुटी, कोरडी, मधे काही सेकंदांची शांतता. कधी ते पाच हाकांत थांबतं, कधी तासभर थांबतच नाही.

भेकर शेळीएवढं, वीस-पंचवीस किलोंचं. तांबूस अंग, कपाळावर काळ्या दोन रेघा. नराची शिंगं बोटाएवढी, पण ती केसाळ हाडाच्या लांब खुंटांवर बसवलेली. त्याचं खरं हत्यार तोंडात असतं. वरचे दोन सुळे ओठाबाहेर आलेले, वाकडे आणि धारदार. दोन नर भिडले की शिंगांनी ढकलाढकली होते आणि जखमा होतात त्या सुळ्यांनी. हिवाळ्यात पाहिलेल्या नरांच्या फाटक्या कानांची कारणं बहुधा तीच. या लहानशा प्राण्यानं शास्त्रज्ञांनाही चकित केलं आहे. भारतीय भेकराच्या मादीच्या पेशीत फक्त सहा गुणसूत्रं असतात आणि नराच्या पेशीत सात. सस्तन प्राण्यांमध्ये इतकी कमी गुणसूत्रं दुसऱ्या कुणाचीच नाहीत. माणसाची सेहेचाळीस. चीनमधल्या त्याच्या चुलत भेकराचीही सेहेचाळीसच.

पण ते भुंकतं कशासाठी? पुस्तकांत पहिलं कारण मिळतं ते धोक्याचं. बिबट्याचा वास आला की भेकर दडून बसत नाही, ओरडत सुटतं. त्यातून ते शिकाऱ्यालाच सांगतं की मी तुला पाहिलंय, आता दबा धरण्यात अर्थ नाही. रान जितकं दाट, तितकं हे ओरडणं जास्त. माजाच्या दिवसांत मात्र नर एकमेकांना हद्द सांगायलाही भुंकतात. दोन्हींतला फरक कानांनी ओळखता येतो का, असं मी मामांना विचारलं.

‘वाघरू असलं की माकडं पन बोलत्यात. कोतवालबी वरडतो,’ मामा म्हणाले. बिबट्याला या भागात वाघरू म्हणतात. ‘भेकरच एकलं भुकत असलं, अन् पलीकडनं दुसरं जाब देत असलं, तर त्ये त्यांचं आपसांतलं. आपण मधी पडायचं न्हाई.’

मला ही कसोटी पुस्तकातल्या कुठल्याही वर्णनापेक्षा उपयोगी पडली. त्यानंतर मी हाक ऐकली की आधी वानरांचा ‘खॉक’ येतो का बघत असे. आला नाही, आणि घळीच्या समोरच्या अंगाकडून दुसरी हाक उठली, की वही काढून वेळ आणि दिशा टिपून ठेवायची. अशा नोंदींवरून कोणता नर कोणत्या घळीत आहे याचा अंदाज हळूहळू येतो.

माळ्यावरची राखण

हरणं कुठं येतात हे सगळ्यांत नेमकं ठाऊक असतं ते भाताची राखण करणाऱ्याला. आश्विन-कार्तिकात मावळात इंद्रायणी भात कापणीला येतो. हे वाण वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्रानं दिलेलं, त्याच्या घमघमाटानं आज पुण्या-मुंबईची स्वयंपाकघरं भरलेली आहेत. पण लोंबी भरल्यापासून खळ्यावर येईपर्यंत ती रानडुकरांच्या तोंडून वाचवावी लागते. म्हणून शेताच्या कडेला चार खांबांवर माळा उभा राहतो, वर पेंढ्याचं छप्पर, खाली शेकोटी. घरातला कोणीतरी रात्र तिथं काढतो.

नाणे मावळात एका माळ्यावर मला एका कुटुंबानं बसू दिलं. आजोबा, त्यांची सून आणि तिचा कॉलेजात शिकणारा मुलगा. मधूनमधून सूनबाई पत्र्याचा डबा बडवत होत्या. पूर्वेला मृग वर आला, त्याच्या पोटात रुतलेला तीन ताऱ्यांचा बाण आणि मागोमाग व्याध. मध्यरात्र टळल्यावर डोंगराच्या बाजूनं एक खणखणीत आवाज आला. ‘ढाँक!’ फक्त एकदा. आजोबांनी डबा बडवणाऱ्या सुनेचा हात थांबवला.

‘सांबर हाय. डुकरागत नासाडी करत न्हाई. दोन घास खाईल अन् जाईल.’

सगळ्यांचं असं मत नाही. भात निघाल्यावर त्याच ओलीत पावटा, वाल, हरभरा पेरतात आणि भेकराला त्याचे कोवळे शेंडे आवडतात. ज्याचं दोन गुंठ्यांचं रोप एका रात्रीत खुडलं गेलं त्याच्यापुढे निसर्गाचं कौतुक करण्यात अर्थ नसतो. वन विभाग पिकांच्या नुकसानीची भरपाई देतो, पण त्यासाठी पंचनामा, सातबारा, फोटो आणि हेलपाटे लागतात. थोड्याशा नुकसानीसाठी कोणी तालुक्याला जात नाही. तरीही मावळात हरणं टिकली आहेत, यात या माळ्यांवर जागणाऱ्या माणसांच्या सोसण्याचा वाटा मोठा आहे. जे अभयारण्यात नाही ते रान गावांच्या भरवशावर राहतं. पवनेच्या बाजूला अजिवलीची वाघजाईची देवराई आजही उभी आहे ती गावानं तिथली काडी मोडू दिली नाही म्हणून. भेरली माडांच्या त्या गर्द सावलीत भर दुपारीही जनावराला आडोसा मिळतो.

कॅमेरा कुठे रोखायचा

महाराष्ट्रात रानातली हरणं मोजायची आणि पाहायची रीत उन्हाळ्यातली आहे. वैशाखातल्या बुद्धपौर्णिमेला अभयारण्यांतल्या पाणवठ्यांवर मचाणं बांधतात आणि रात्रभर पाण्यावर येणारी जनावरं टिपतात. शरदात ही युक्ती चालत नाही. प्रत्येक ओहोळात पाणी असतं, मग जनावर एकाच डबक्यावर कशाला येईल? या दिवसांत पाण्याऐवजी खाण्यावर लक्ष ठेवावं लागतं. मावळात त्यासाठी सगळ्यांत चांगलं झाड म्हणजे आवळा. गावात आवळीभोजनं होतात त्याच सुमारास रानआवळे पिकू लागतात, पुढे झाडाखाली सडा पडतो. भेकर आणि सांबर दोघंही आवळे गिळतात आणि दूर कुठंतरी रवंथ करताना बिया बाहेर टाकतात. आवळ्याचं रान पसरतं ते असं.

झाड ठरलं की वारा बघायचा. रात्रभर गार झालेली हवा पहाटे डोंगरावरून दरीकडे उतरते, ऊन चढलं की तीच हवा तापून वर निघते. म्हणून पहाटे झाडाच्या खालच्या अंगाला बसायचं, म्हणजे आपला वास दरीत जातो. ऊन अंगावर आलं की समजायचं, आता वारा फिरणार आणि आपली वेळ संपली. कपड्यांबाबत एक गैरसमज आहे. लोक हिरवे-तपकिरी कपडे घालतात आणि वर निळं जॅकेट चढवतात. हरणाला लाल-नारिंगी रंग फारसे कळत नाहीत, पण निळा आपल्याहून उठून दिसतो. चमक आणणाऱ्या साबणात धुतलेला कपडाही त्याच्या डोळ्यांना झळकतो. जुना, विटका, न चमकणारा कपडा सर्वांत बरा. त्याहून महत्त्वाचं, हलायचं नाही.

एका पहाटे कुसूरच्या बाजूला अशाच एका आवळ्याखाली नर भेकर आला. आधी आवाज काहीच नाही. पाचोळ्यावर पाऊल पडलं ते इतकं हलकं की पान पडल्यासारखं वाटलं. मग कारवीच्या काड्यांमधून डोकं बाहेर आलं आणि तसंच थांबलं. लेन्समधून मला त्याची लांब जीभ दिसली. ती वर गेली आणि त्यानं स्वतःच्या डोळ्याचा कोपरा चाटला. कपाळावरच्या काळ्या रेघांच्या आत दोन फटी होत्या, त्या ग्रंथींच्या. त्यानं मान खाली घातली, कपाळ जमिनीला घासलं, एका खुरानं पाचोळा खरवडला आणि जवळच्या रोपट्याच्या सालीवर खालचे दात ओढले. ही हद्द आखून झाली. मग त्यानं एक आवळा उचलला. जबडा हलताना सुळा एकदा चमकला. अजून पुरता उजेड नव्हता. आयएसओ सहा हजार चारशेवर गेला होता, शटर सेकंदाच्या शंभराव्या भागावर. फोटो आला तो दाणेदार, अर्ध्या चेहऱ्यावर कारवीची काडी आडवी. छापायला दिला तर कुठल्याही स्पर्धेत मागे पडेल. मला तो रिचमंड पार्कातल्या कुठल्याही फोटोइतकाच मोलाचा वाटतो, कारण त्यातलं भेकर मी तिथं आहे हे न कळता आपलं काम करतंय.

रानात रात्रीचे फोटो घ्यायची कला भारतात शंभर वर्षांपूर्वीच रुजली. एफ. डब्ल्यू. चॅम्पियन हे वनाधिकारी शिवालिकच्या जंगलात वाटेवर तार लावत, जनावराचा पाय लागला की फ्लॅश उडे. त्यांचं ‘विथ अ कॅमेरा इन टायगर-लँड’ १९२७ चं. बंदूक सोडून कॅमेरा घ्या, हा त्यांचा आग्रह त्या काळात नवा होता. मराठीत व्यंकटेश माडगूळकरांनी नागझिऱ्यात मुक्काम करून जनावरं न्याहाळली. मारुती चितमपल्ली तर २०२५ च्या जूनमध्ये जाईपर्यंत रानच लिहीत राहिले. दोघांच्याही लेखनात मोठी शिदोरी आहे ती बसून राहण्याची.

आज हातात कॅमेरे हजारपट चांगले आहेत, बसून राहणं मात्र दुर्मीळ झालं आहे. काही जण मोबाइलवर भेकराची ध्वनिफीत वाजवून नराला बाहेर काढतात. माजाच्या दिवसांत तो येतोही, दुसरा नर हद्दीत शिरला असं समजून. मग तो खाणं सोडून, सावधपणा सोडून उघड्यावर धावतो. बिबट्याला याहून सोपी शिकार कोणती? फ्लॅशनं भेकराचे अंधाराला सरावलेले डोळे काही वेळ दिपतात. रिचमंड पार्कात हरणांपासून निदान पन्नास मीटर दूर राहावं असा दंडक आहे, आणि ती हरणं माणसांना शेकडो वर्षं सरावलेली आहेत. आपल्या बुजऱ्या भेकरासाठी तर जनावरानं मान वर करून आपल्याकडे पाहिलं की आपण फार जवळ आलो, ही खूणगाठ पुरेशी आहे.

उजेड आणि आवाज

पवनेच्या काठावर शनिवारी रात्री तंबूंच्या रांगा लागतात. मोठ्या स्पीकरवरची गाणी समोरच्या तिकोन्याच्या कड्यावर आपटून परत येतात. या व्यवसायानं कित्येक घरांत पैसा आला आहे, आणि तो येऊ नये असं म्हणायचा मला अधिकार नाही. पण हे आवाजी हंगामही नेमके कोजागिरीपासून वर्षअखेरीपर्यंतचे, म्हणजे हरणांच्या माजाचे. ज्या प्राण्याचं सगळं बोलणं हाकेवर आणि वासावर चालतं, त्याची हाक डीजेच्या ठेक्यात बुडाली तर नर नराला हद्द कशी सांगणार? राजमाचीच्या वाटेवर रात्री जीपगाड्या छतावरच्या दिव्यांचे झोत रानात टाकत जातात. वळवंडच्या पुढे दोन्ही बाजूंना दाट झाडी आहे. झोतात सापडलेलं भेकर जागीच थिजतं, मग भलत्याच दिशेला उडी घेतं आणि कधी थेट चाकांखाली येतं.

याहून गंभीर अशी दोन कारणं आहेत. एक, कुत्री. फार्महाऊसवर आठवड्याचे पाच दिवस मोकाट सोडलेली आणि उरलेल्या अन्नावर वाढलेली कुत्र्यांची टोळी भेकराचा पाठलाग करून त्याला दमवते आणि फाडते. मामांच्या मते बिबट्यापेक्षा कुत्र्यांनी मारलेली भेकरं त्यांनी अलीकडे जास्त पाहिली. दुसरं, भिंती. डोंगराच्या सोंडा जिथं खाली शेतात उतरतात तिथंच प्लॉट पडतात आणि त्यांना सलग कुंपणं होतात. नर हिवाळ्यात एका घळीतून दुसऱ्या घळीत जातो तो याच सोंडांवरून. त्याची वाट अडली की दोन घळींतली हरणं एकमेकांना तुटतात. तुकड्या-तुकड्यांत उरलेली हरणं पुढच्या काही पिढ्या दिसत राहतील, पण ती तगणं अवघड होत जाईल.

यातलं बरंच थोड्या काळजीनं टळू शकतं. मावळात प्लॉट असेल तर डोंगराच्या अंगाला सलग भिंतीऐवजी झाडांची बांधणी करा, जनावराला जायला फट ठेवा. फार्महाऊसवर कुत्रं असेल तर रात्री बांधा आणि त्याची नसबंदी, लसीकरण करून घ्या. तंबूत राहायला गेलात तर रात्री दहानंतर गाणी बंद करायला सांगा, पैसे तुम्ही देता तेव्हा तुमचं ऐकलं जातं. राखीव वनात रात्री परवानगीशिवाय शिरू नका, आणि हरीण दाखवतो म्हणून झोत मारणाऱ्या गाडीत बसू नका. गावातला माणूस वाटाड्या म्हणून घ्या आणि त्याला त्याच्या जाणकारीचे रास्त पैसे द्या. जखमी भेकर किंवा विहिरीत पडलेलं सांबर दिसलं तर स्वतः पकडायला जाऊ नका, घाबरलेलं हरीण हाताळण्याच्या धक्क्यानंच मरू शकतं. वन विभागाच्या १९२६ या मदत क्रमांकावर कळवा, जागा नीट सांगा, आणि माणसं येईपर्यंत गर्दीला आणि कुत्र्यांना दूर ठेवा.